सुरक्षा परिषदेतला प्रश्न आणि आमची ग्रामसभा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगात कुठेही एका देशाचे सैन्य दुसऱ्याच्या हद्दीत शिरले की कोणीतरी गोव्याचे नाव काढतोच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हापासून हे जास्तच कानावर येते. माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेला आहे, तिथे एका गोदामात कामाला आहे. त्याच्याच पाळीत काम करणाऱ्या एका पोर्तुगीज माणसाने त्याला विचारले, ‘तुमच्या भारताने १९६१ साली आमच्या गोव्यात सैन्य घातले, ते यापेक्षा वेगळे कसे?’ भाच्याने रात्री मला फोन लावला. ‘मामा, ह्याला काय सांगू?’ मी त्याला बरेच काही सांगितले. त्यातला निम्मा भाग इतिहासाचा होता, तो आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. पण उरलेला भाग आजच्या गोव्याचा आहे आणि त्याच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी इतिहास. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बैठक बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला की, लढाई थांबवावी आणि भारताने सैन्य मागे घ्यावे. तेव्हा परिषदेचे सभासद अकरा होते. ठरावाच्या बाजूने सात मते पडली, विरोधात चार: सोव्हिएत संघ, संयुक्त अरब प्रजासत्ताक, सिलोन आणि लायबेरिया. सोव्हिएत संघाचे मत नकाराधिकाराचे असल्यामुळे ठराव पडला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम त्यांनी मानला नाही.

हे सात विरुद्ध चार मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे मुक्तिदिनाच्या भाषणांत हा आकडा कोणी घेत नाही. त्या दिवशी जगाच्या सर्वांत वजनदार सभेत बहुमत आपल्या बाजूने नव्हते. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी तर अशाने संयुक्त राष्ट्रांचाच शेवट होईल, असा इशारा दिला. भारताचे सी. एस. झा यांनी उत्तर दिले की, हा वसाहतवादाचा प्रश्न आहे, गोवा भारताचाच भाग आहे आणि साडेचारशे वर्षांपूर्वी तलवारीच्या बळावर घेतलेल्या भूमीवर कायमचा हक्क सांगता येत नाही. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. आदल्याच वर्षी, डिसेंबर १९६० मध्ये, आमसभेने वसाहती संपवण्याचा जाहीरनामा मंजूर केला होता आणि लगेच दुसऱ्या ठरावात स्वशासन नसलेल्या पोर्तुगीज प्रदेशांची यादी देऊन तिच्यात गोव्याचे नाव घातले होते. पोर्तुगाल मात्र म्हणत होता की आमच्याकडे वसाहतच नाही, गोवा हा आमचा सागरापलीकडचा प्रांत आहे.

त्या ‘प्रांता’त लोकांना किती बोलता येत होते? म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे १९५४ साली एका मेजवानीला गेले होते. वक्ता गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे बोलू लागला, तेव्हा डॉक्टरांनी ‘माझा याला निषेध आहे’ एवढेच म्हटले. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आले. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवाव्या लागत. आमच्या वडिलांच्या पिढीने हे भोगले. पोर्तुगीज काळ बरा होता, शिस्त होती असे आज वीस-बावीस वर्षांची मुले सहज म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटते. मुलांचा राग नाही. त्यांना हे कोणी नीट सांगितलेच नाही.

तरीही भाच्याला मी म्हटले, नकाराधिकार हे काही उत्तर नव्हे. मोठा देश पाठीशी असला की नकाराधिकार कोणालाही मिळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरचा सुरक्षा परिषदेतला ठराव रशियाने स्वतःच्याच नकाराधिकाराने पाडला. १९६१ च्या त्या सात मतांना आपण खरे उत्तर दिले ते नंतर, आणि ते न्यूयॉर्कला नव्हे, गोव्यात दिले.

१९६२ साली गावोगाव पंचायती निवडल्या गेल्या. तोवर गावच्या कारभारात प्रौढ मतदानाने कोणी निवडून आले नव्हते. डिसेंबर १९६३ मध्ये तीस जागांच्या विधानसभेसाठी मतदान झाले. ज्या पंतप्रधानांनी सैन्य पाठवून गोवा मुक्त केला, त्यांच्या पक्षाला गोव्यातून एकही जागा मिळाली नाही. काँग्रेसला जी एकमेव जागा मिळाली, ती दमणची. सत्ता आली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडे, म्हणजे मगोकडे, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. कोणाला तुरुंगात टाकले नाही, निकाल फिरवला नाही. मुक्त करणाऱ्याला दोनच वर्षांत मतपेटीतून नाकारता आले, याहून मोठा पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही.

पुढे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल: गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे? विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची दोन पाने. मतदानाआधी बांदोडकर सरकारने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, म्हणजे कोणाच्या हाती सरकारी यंत्रणा राहू नये. आमच्या डिचोली, पेडणे, सत्तरी भागात फुलाचा जोर होता. माझ्या वडिलांनी फुलावरच शिक्का मारला. मराठीवर जीव असलेला माणूस, दुसरे काय करणार! संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांनी फूल हरले. वडील फार नाराज झाले. पण मतमोजणीत लबाडी झाली, असे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. दोनच महिन्यांनी विधानसभेचे मतदान आले आणि विलीनीकरण नाकारणाऱ्या याच गोव्याने विलीनीकरणवादी मगोला पुन्हा सत्तेवर बसवले. एका प्रश्नाला एक उत्तर, दुसऱ्या प्रश्नाला दुसरे. लोक विचार करून मत देत होते, हे यावरून दिसते.

आता क्रिमियाकडे पाहा. मार्च २०१४ मध्ये रशियन सैनिक तिथे उतरल्यानंतर काही आठवड्यांतच जनमत घेतले गेले. आहे तसेच युक्रेनमध्ये राहावे, हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. पुढे आमसभेत शंभर देशांनी ते मत अमान्य ठरवले, अकरांनी विरोध केला आणि अठ्ठावन्न तटस्थ राहिले. त्या तटस्थांत आपला भारत होता. ती भूमिका मला पटत नाही. आपल्या जनमत कौलाचा इतिहास ठाऊक असलेल्या देशाने तिथे स्पष्ट बोलायला हवे होते, असे मला वाटते. पण तो वेगळा विषय आहे.

भाच्याच्या सहकाऱ्याने पुढचाही मुद्दा काढला, आणि तो टाळण्यासारखा नाही. १९६७ साली ‘स्वतंत्र राहायचे का’ किंवा ‘पोर्तुगालकडे जायचे का’, असे विचारले नव्हते. खरे आहे, नव्हते विचारले. पण साडेचारशे वर्षांत पोर्तुगालने कोणताच प्रश्न विचारला नव्हता. आणि एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली, पोर्तुगीज लोकांना स्वतःला मोकळे बोलता येऊ लागले, तेव्हा त्यांच्याच नव्या सरकारने त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला भारताशी करार करून गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. आज मडगावात मुळे असलेले अंतोनियो कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान होऊन पुढे युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झाले. दोन्ही देशांतली अढी गेली ती दोन्हीकडे लोकांच्या मताचे राज्य आल्यावर.

म्हणून मी म्हणतो, गोव्याची बाजू जगापुढे उभी आहे ती इथल्या माणसाच्या मताच्या जोरावर. ते मत आपणच हलके केले, तर १९६१ चा प्रश्न विचारणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने उत्तर देणार?

आमदारांच्या पक्षांतराबद्दल आपल्या पत्रांत पुष्कळ लिहून आले आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी उमेदवारांनी देवळात, खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि दर्ग्यात निष्ठेच्या शपथा घेतल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अकरापैकी आठ जण गेले. दोन तृतीयांश गेले की अपात्रता लागत नाही, या तरतुदीचा आधार घेतला गेला. इतर पक्षांनीही आपापल्या काळात हेच केले आहे, नव्वदच्या दशकातला गोवा आठवून पाहा. मतदाराने एका बाजूला दिलेले मत त्याला न विचारता दुसऱ्या बाजूला जमा होते, हे मला कधीच मान्य होणार नाही. पण त्यावर उपाय करायचा तर संसदेने करायला हवा. आपल्या हातात आहे ती ग्रामसभा, आणि तिच्याबद्दल मला अधिकाराने लिहिता येते, कारण पंचायत सचिव म्हणून माझी नोकरी तिच्याच वहीत गेली.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. त्याला कोणी नेमत नाही, कोणी तिकीट देत नाही, त्याला पक्षही बदलता येत नाही. आपल्या सगळ्या लोकशाहीत नागरिक स्वतःच्या तोंडाने बोलतो, अशी कायद्याने बांधलेली सभा ही एकच. पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात रविवारी नियमित सभा होतात आणि प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती व १९ डिसेंबर यांच्या निमित्ताने खास सभा. मुक्तिदिन आणि ग्रामसभा यांची सांगड कायद्यानेच घालून दिली आहे.

मी नोकरीला लागलो, तेव्हा एका ज्येष्ठ सचिवाने मला इतिवृत्त लिहायला शिकवले. वही बांधीव हवी, सुटी पाने चालत नाहीत. पानांना आधीच क्रमांक घालायचे. सभा चालू असतानाच लिहायचे, घरी नेऊन नाही. ठराव कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिले, बाजूने किती हात वर झाले, विरोधात किती, हे तिथल्या तिथे नोंदवायचे. ठराव मोठ्याने वाचून दाखवायचा, कोणी म्हणाले ‘मी असे नव्हतो बोललो’ तर तिथेच दुरुस्त करायचा. शेवटच्या ओळीखाली रेघ मारून तिला लागूनच सह्या घ्यायच्या, म्हणजे मध्ये नंतर काही घुसडता येत नाही. ही सगळी काळजी कशासाठी, ते मला हळूहळू उमगले. सभेत काय झाले, हे चार दिवसांनी प्रत्येकाला वेगळे आठवते. पुढे मामलेदारापासून न्यायालयापर्यंत चालते ते वहीत असलेले.

निवृत्तीनंतर आता मी लोकांत बसून ग्रामसभा पाहतो. एका सभेचे सांगतो, गावाचे नाव देत नाही. डोंगराचा उतार कापून तिथे बंगल्यांचा प्रकल्प येणार, अशी कुणकुण होती. सभागृह भरले होते, बाहेर व्हरांड्यातही माणसे उभी होती. एक वयस्क बाई उठली. आयुष्यभर कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, राखलेली बाई. तिने विचारले, डोंगर कापला तर खालच्या झरीचे पाणी कुठे जाईल? माझ्या पोफळींना कोण शिंपणार? तिने जमिनीचा सर्वे नंबर तोंडपाठ सांगितला. नगरनियोजन खात्याकडे कोणी अर्ज केला आहे का, पंचायतीला पत्र आले आहे का, हेही विचारले. खाली बसताना ती सचिवाच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘पुता, हें बरय.’ पोरा, हे लिहून घे. मग एका तरुणाने ठराव मांडला की, झरीचा अभ्यास झाल्याशिवाय पंचायतीने कोणताही दाखला देऊ नये. दुसऱ्याने अनुमोदन दिले. हात वर झाले, विरोधात एकही नव्हता.

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले गेले. त्यात होते ते असे: ‘ग्रामस्थांनी पाणी व पर्यावरण या विषयांवर चर्चा केली. सरपंचांनी समाधानकारक खुलासा केला.’ सर्वे नंबर नाही, झर नाही, ठराव नाही. मी उठून दुरुस्ती सुचवली. विषय नोटिशीत नव्हता म्हणून ठराव धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. मग तो सभेत मांडू कसा दिला, चर्चा होऊ कशी दिली, हे मी विचारले, तोवर पुढचा विषय पुकारला गेला होता. ती बाई पहिल्या रांगेत बसली होती.

सध्याच्या सचिवांवर मी सगळा दोष टाकणार नाही. एकेका सचिवाकडे दोन-दोन पंचायतींचा कारभार असतो, वर बदलीची टांगती तलवार. सभेत कोणी सरपंचावर धावून गेले, तर त्याला आवरायचेही त्यानेच. इतिवृत्त नंतर संगणकावर टंकून काढण्याची पद्धत पडली आणि त्या ‘नंतर’मध्येच सगळे बिघडते. शिवाय काही ग्रामसभांत आरडाओरडा इतका होतो की शहाणा माणूस यायचे सोडून देतो, हेही खरे आहे.

जगात राजकारण करणारे शब्दाची किंमत ओळखून असतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये बाणावलीला ब्रिक्स परिषद झाली. तिच्या गोवा जाहीरनाम्यात पाकिस्तानातल्या दहशतवादी संघटनांची नावे यावीत, म्हणून भारताने जोर लावला. एकमत झाले नाही आणि ती नावे आली नाहीत, याची देशभर चर्चा झाली. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री इथेच बसले. कागदावर काय उतरते, यासाठी देश असे भांडतात आणि ते योग्यच आहे. मग त्याच गोव्यात मतदाराचा ठराव कागदावर न उतरल्याचे कोणालाच काही कसे वाटत नाही?

आणि जमिनीच्या बाबतीत तर त्याच्या ठरावाची गरज आजच सर्वांत जास्त आहे. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली एकेका भूखंडाचा झोन ‘दुरुस्त’ होत गेला. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द ठरवले. त्याच कायद्यात २०२४ साली आलेल्या कलम ३९अ खाली झोनबदलाची सूचना राजपत्रात निघते आणि हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. कुळागरात राबणारी बाई राजपत्र कुठे वाचणार? २००६-०७ मध्ये गोव्यातले लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ‘प्रादेशिक आराखडा २०११’, म्हणजे २०११ सालापर्यंतचा जमीनवापराचा आराखडा, रद्द करावा लागला. लोकांना दर वेळी रस्त्यावर यावे लागू नये, म्हणूनच तर ग्रामसभा आहे. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला स्थान दिले, पण तिला कोणते अधिकार द्यायचे, हे राज्यांच्या विधानसभांवर सोडले. आपल्या विधानसभेने मनावर घेतले, तर एका अधिवेशनात होण्यासारखे हे काम आहे: गावातल्या जमिनीचा झोन बदलण्याआधी तो प्रस्ताव, सर्वे नंबरासकट, ग्रामसभेपुढे आलाच पाहिजे आणि ग्रामसभेचे म्हणणे डावलायचे तर कारण लेखी दिले पाहिजे.

इतिवृत्तासाठी तर कायदाही बदलायला नको. सभा संपण्यापूर्वी ठराव वाचून दाखवा, तिथेच सह्या घ्या आणि त्या पानाची छायाप्रत दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या फलकावर लावा. पंचायत संचालनालयाने परिपत्रक काढले की झाले. सभेचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवायला आता मोबाईलसुद्धा पुरतो.

राहिली एक विनंती, ती आपल्यालाच. आपल्या अंकात जत्रा-कालोत्सवांच्या तारखा, वीज बंद राहण्याच्या वेळा छापून येतात आणि आम्ही त्या कापून ठेवतो. त्याच पानावर दर शुक्रवारी येत्या रविवारी कोणत्या पंचायतीची ग्रामसभा किती वाजता आहे आणि नोटिशीत कोणते विषय आहेत, एवढे छापाल का? नोटीस सात-आठ जणांनी वाचलेली असते, आपला अंक घरोघरी जातो. डिचोली तालुक्यातल्या पंचायतींच्या नोटिसा दर गुरुवारी गोळा करून आपल्या वार्ताहराकडे पोचवण्याचे काम मी करीन.

आपला,
एक निवृत्त पंचायत सचिव,
डिचोली